हरेल तिची भांडी

उल्हासनगर, कॅम्प पाच
२८ सप्टेंबर २०२४

किर्ती,

आईबरोबर तिच्या गोळ्यांची पिशवी आणि ही चिठ्ठी येते आहे. गोळ्या तुझ्यासाठी, चिठ्ठी तिच्यासाठी. अगं, फोन झालाय, किर्ती वाट बघतेय, असं दहादा सांगितलं तरी ऐकत नाही. "चिठ्ठी नसली तं मना कोनी बोलावलाय तरी का?" म्हणते. माझं लग्न झाल्यावर ती मोरिवलीहून पहिल्यांदा माझ्या सासरी आली, तेव्हा अप्पांनी दिलेली चिठ्ठी घरीच विसरली होती. माझ्या सासूने दारातच विचारलं, अशा अचानक कशा? ते तिच्या मनाला लागलं ते लागलंच. वाचता एक अक्षर येत नाही, पण बटव्यात कागद असल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आपण दोघी बहिणी या वयात एकमेकींना पत्रं लिहितो म्हणून तुझा हा दाजी भावेश हसतो. हसू दे.

एकादशी आली की आईची पिशवी आदल्या दिवशीच भरलेली असते. कॅलेंडर बघत नाही, तरी एकदाही चुकत नाही. एक पंधरवडा तुझा, एक माझा, हे तिच्या अगदी अंगवळणी पडलंय. या हिशेबाने दिवाळी तुझ्याकडे येते. तिने आत्तापासून आमच्या सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय की यंदा मी सोनिवलीला, लिफ्टच्या घरात, अकराव्या मजल्यावरून कंदील बघणार.

परवा आमच्याकडे लाइट गेली आणि तिला अप्पांची आठवण आली. अंधार झाला की ते कंपनीतून आल्या कपड्यांनी ओट्यावर बसायचे आणि आपल्याला दोन इंग्रजी अक्षरं द्यायचे. दोन्ही अक्षरं असलेले पाच अक्षरी शब्द शोधा, हरेल तिची भांडी. पोरींना इंग्रजी आलं की त्या कुठे अडायच्या नाहीत, असा त्यांचा ठाम समज होता. आई म्हणाली, तुमचा इंग्रजी मना कधी समजला नाय, पण भांडी कोन घासतंय ते लगेच समजायचा.

इथे दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात. घरात पाय ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे जीन्स. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आईला जप.

तुझी ताई


सोनिवली, बदलापूर
१४ ऑक्टोबर २०२४

ताई,

आई आज परत येते आहे. गोळ्या संपत आल्या होत्या, मी नव्या घातल्या आहेत. गुडघ्याचं तेल वरच्या कप्प्यात आहे.

एक अडचण आहे, ती फोनवर बोलायचं टाळत होते. दिवाळीत विनीतचे आईबाबा येणार आहेत आणि बरोबर त्याची आत्याही. आमच्या खोल्या दोन. त्यात आईला कुठे झोपवू, तेच कळत नाही. तू दिवाळीचा पंधरवडाही तिला ठेवशील का, असं सरळ विचारायला जीभ रेटत नाही, कारण गणपतीतही माझी पाळी तूच निभावलीस.

तू अप्पांच्या खेळाचं लिहिलंस, त्यावरून सुचलं. तसंच करू या. अक्षरं ई आणि एन. शब्द पाच अक्षरी, दोन्ही अक्षरं कुठेही असली तरी चालतील. एका संध्याकाळी बसून जेवढे आठवतील तेवढे. फोन बघायचा नाही, डिक्शनरी नाही, दाजींना विचारायचं नाही. हरेल तिच्याकडे दिवाळीत आई. म्हणजे मी हरले तर आत्याबाईंना हॉलमध्ये झोपवीन आणि आईला घेऊन येईन. कुणी कुणावर उपकार केले असं व्हायला नको.

माझी यादी या कागदाच्या आत घडी करून पिन मारून ठेवली आहे. काल रात्रीच केली. तुझी यादी पूर्ण झाल्याशिवाय पिन काढू नकोस. तू काढणार नाहीस हे मला माहीत आहे.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
किर्ती


उल्हासनगर, कॅम्प पाच
२६ ऑक्टोबर २०२४

किर्ती,

भावेश बदलापूरला माल पोचवायला येतोय, त्याच्याबरोबर फराळाचा डबा पाठवते आहे. चकल्या या वेळी थोड्या मऊ पडल्यात. नावं ठेवायची असतील तर डबा रिकामा झाल्यावर ठेव.

तू जिंकलीस. तुझे चोवीस, माझे सतरा. तपासून घे: ग्रीन, सेव्हन, क्वीन, फोन, मनी, हनी, लेमन, नर्स, नाइफ, क्लीन, प्लेन, डान्स, शाइन, स्टोन, एन्टर, नेव्हर, सीन. पिन मी यादी संपल्यावरच काढली, अप्पांची शपथ. तुझ्या यादीतलं ईलंड म्हणजे काय गं? आणि जेनेट? माझ्या उभ्या जन्मात ऐकलेले नाहीत. असेल काहीतरी. तू वाचतेस, मी फक्त धागे कापते.

तेव्हा आई दिवाळीत माझ्याकडे. मी तिला सांगितलं की किर्तीकडे पाहुणे आहेत. ती म्हणाली, मंग काय झाला, मी गॅलरीत झोपीन. संध्याकाळी आपणहून पिशवीतले कपडे काढून परत मांडणीवर ठेवले.

पाहुण्यांचं नीट कर. माझी काळजी करू नकोस.

तुझी ताई


सोनिवली
२६ ऑक्टोबर, दुपार

ताई,

दाजी खाली टेम्पोत थांबलेत, म्हणून घाईत लिहिते. फराळ पोचला. आईसाठी कंदील पाठवते आहे, मोठा आहे, तुमच्या जिन्याच्या तोंडाशी लावा. मऊसूत साडीही आहे.

ईलंड हे आफ्रिकेतलं हरिण आणि जेनेट म्हणजे मांजरासारखा एक प्राणी. कुठेतरी वाचलं होतं.

गॅलरीत झोपीन म्हणाली, ते तू लिहायला नको होतंस.

किर्ती


सोनिवली
२० नोव्हेंबर २०२४

ताई,

आईला दवाखान्यातून तुझ्या घरी आणल्यापासून तुझ्याशी धड बोलणं झालेलं नाही. फोन केला की "बरी आहे, जेवली, झोपली" एवढंच. दवाखान्यात मी शेजारच्या बाकावर बसले होते, तर तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. खुब्याचं ऑपरेशन चालू होतं तोवर तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. मी समजायचं ते समजले.

तुला कळलं आहे, हो ना? कुणी सांगितलं, विनीतने? की माझ्या अवतारावरूनच ओळखलंस? पाडव्याला आई तुमच्या जिन्यावरून पडली आणि तू मला फोनवर फोन लावत होतीस, तेव्हा मी बदलापुरात नव्हते. कुणीही पाहुणे आले नव्हते. विनीतचे आईबाबा साताऱ्यालाच होते. आम्ही दोघं गोव्याला गेलो होतो. बुकिंग ऑगस्टमध्येच झालं होतं. फोन खोलीत ठेवून मी पाण्यात होते. परत येऊन बघितलं तर तुझे कितीतरी मिस्ड कॉल. सगळा प्रवास मी एकच विचार करत होते, की ताईला काय सांगायचं. आई कशी असेल हा विचार दुसरा होता. हे लिहिताना माझीच मला किळस येते.

लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. हे तुला सरळ सांगितलं असतं तर तू हसून हो म्हणाली असतीस. पण सणाला आईला सोडून गोव्याला, असं कुणी म्हणेल याची मला लाज वाटली. म्हणून आत्याबाईंना कामाला लावलं.

तुला जे बोलायचं ते बोल. शिव्या दे. पण ते "जेवली, झोपली" बंद कर.

किर्ती


उल्हासनगर, कॅम्प पाच
२६ नोव्हेंबर २०२४, एकादशी

किर्ती,

मला काहीच कळलं नव्हतं. गोव्याचं तुझ्या पत्रातून कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. गेलीस ते बरं केलंस. जायलाच हवं होतं. खोटं बोललीस याचा राग आला, पण तो दुपारपर्यंत टिकला.

फोनवर मी बोलत नाही, कारण आमची खोली एक आणि आईची खाट फोनला लागून. ती सगळं ऐकते. आणि दवाखान्यात मी तुझ्याकडे बघितलं नाही ते रागाने नाही. माझीच मान वर होत नव्हती.

आता ऐक. आई जिन्यावरून पडली एवढंच तू जाणतेस. ती रिकाम्या हाताने पडली नाही. तिच्या डोक्यावर जीन्सचा गठ्ठा होता. टेम्पो खाली उभा होता, भावेश बाजारात गेला होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी शिलाई सोडून उठले नाही. आई म्हणाली, मी देतंय खाली. आणि मी दे म्हटलं. आमचा लोखंडी जिना तुला ठाऊक आहे, त्यावरून मीसुद्धा धरून उतरते. मी दे म्हटलं, किर्ती. मान वर न करता.

अजून आहे. आई दिवाळीत माझ्याकडे असायलाच नको होती. तुझी पिन काढली तेव्हा माझे पंचवीस शब्द झाले होते. तुझे चोवीस. मी एकाने जिंकले होते. मग मी दुसरा कागद घेतला आणि त्यावर सतराच उतरवले. डेनिम गाळलं, जीन्स गाळलं, लिनन, रिन्स, ब्लेंड, इनर, लाइन्स, नीज म्हणजे गुडघे. मी उठते जीन्समध्ये, झोपते जीन्समध्ये. हा एक शब्द मला आठवला नाही, यावर तुझा विश्वास बसला कसा? मला वाटलं होतं, तू लगेच ओळखशील आणि फोन करून मला झापशील.

दिवाळीत आई हवी म्हणून केलं, असं मी मनाशी म्हणत होते. तेही होतं. पण निम्मंच. आई बसल्या जागी धागे कापते. तिला नको म्हटलं तरी कात्री घेऊन बसते, आणि ऑर्डरीच्या दिवसांत मी नको म्हणायचंही बंद करते. मला ते दोन हात हवे होते. तिला तुझ्या गॅलरीतून कंदील बघायचे होते आणि मी तिला लबाडीने इथे धाग्यांच्या ढिगात बसवलं. तुझ्याकडे लिफ्ट आहे. तुझ्याकडे असती तर आज चालत असती.

तू एका सहलीसाठी खोटं बोललीस. मी अप्पांच्या खेळात खोटं खेळले, आणि त्याची किंमत आईने दिली. जमलं तर माफ कर. नाही केलंस तरी मी काही म्हणणार नाही.

तुझी ताई


सोनिवली
१८ डिसेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तेव्हापासून मी तिकडे फिरकले नाही. ताप आहे, ऑफिसचं काम आहे, विनीतची गाडी बिघडली आहे, असं जे फोनवर सांगितलं त्यातलं काही खरं नाही. तुझं पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरते. रोज वाटतं, आज लिहू. मग वाटतं, ताईने सगळं स्वतःवर घेतलंय, तर राहू दे ना तसंच. हे खरंच वाटलं. एक दिवस नाही, पुष्कळ दिवस.

तू माझी माफी मागितलीस. आता माझं ऐक.

ती यादी माझी नव्हती. मोबाइलवर एक साइट आहे. तिथे अक्षरं टाकायची, शब्द किती लांबीचा हवा ते सांगायचं, की सगळे शब्द ओळीने येतात. मी ई आणि एन टाकलं आणि पाच निवडलं. शेकड्यांनी आले. स्क्रोल करून अंगठा दुखला. त्यातले मी चोवीसच उचलले, कारण जास्त घेतले असते तर तुला संशय आला असता. मला वाटलं, ताईचे फार तर वीस होतील. ईलंड आणि जेनेट मी मुद्दाम घातले, मी खूप वाचते असं वाटावं म्हणून. ते प्राणी आहेत हेसुद्धा तू विचारल्यावर शोधलं. ती यादी करायला मला चहा गार होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही, आणि "काल रात्री केली" असं मी तुला लिहिलं.

आणि वर तुला सांगितलं, पिन काढू नकोस.

तू गाळलेले शब्द मला दिसले नाहीत, कारण मी तुझी यादी वाचलीच नाही. सतरा हा आकडा बघितला आणि सुटले म्हणून बॅग भरायला घेतली. तू समोर जीन्सच्या ढिगात बसून जीन्स विसरतेस, हे परक्या माणसाच्या लक्षात आलं असतं.

तू लबाडी केलीस ती आई हवी म्हणून. धाग्यांसाठी का होईना, हवी म्हणून. मी केली ती आई नको म्हणून. हे दोन्ही एकाच तराजूत घालू नकोस. जिन्यावर तिला गठ्ठा घेऊन तू पाठवलंस हे खरं असेल, पण तिला त्या जिन्यापर्यंत मी आणलं.

आणि गंमत बघ. फोन समोर ठेवून, जगातले सगळे शब्द हाताशी असूनसुद्धा मी चोवीसवर थांबले, आणि तू नुसत्या डोक्याने पंचवीस काढलेस. म्हणजे लबाडी करूनही मी हरलेच होते. अप्पांच्या नियमाने दिवाळीत आई माझ्याकडे यायची होती. तिची गॅलरी, तिचे कंदील. ते मी कशाने भरून देणार?

मी हरले, ताई. हरेल तिची भांडी. तू म्हणशील तर मी सुट्टी काढून येते आणि आई उभी राहीपर्यंत तिथेच राहते. तिचं सगळं मी करीन. पण तू ये म्हटल्याशिवाय दारात यायची माझी हिंमत नाही. फोन नको, आई ऐकेल. दोन ओळी लिहून दाजींबरोबर पाठव. "ये" एवढं लिहिलंस तरी पुरे. वाट बघते.

किर्ती


उल्हासनगर, कॅम्प पाच
२६ डिसेंबर २०२४, एकादशी

किर्ती,

तुझं पत्र भावेशने शुक्रवारीच आणून दिलं. वाचलं आणि मशीनच्या खणात ठेवून दिलं. आज उत्तर लिहिते आहे, पण ते भावेशबरोबर पाठवणार नाही.

साइटचा मला राग नाही. यंत्राने शब्द काढलेस, त्यात काय मोठं. आमच्याकडेही आता काज करायला यंत्र आहे. राग याचा आहे, की आई नको हे तू मला सांगू शकली नाहीस. मी तुझी बहीण आहे, शेजारीण नाही. कधी कधी मलाही ती नकोशी होते. कंटाळा येतो, चिडचिड होते, एका खोलीत जीव गुदमरतो. हे आपण एकमेकींना म्हटलं असतं तर आई कुणाकडेही सुखाने राहिली असती. आपण अप्पांच्या खेळात आईला भांड्यांच्या जागी ठेवलं. तू सुचवलंस आणि मी खेळले. या एका गोष्टीत आपण दोघी सारख्या आहोत, त्यात मला वेगळी काढू नकोस.

आईला मी काही सांगितलेलं नाही, माझंसुद्धा नाही. तुझं तू सांगायचं, माझं मी सांगीन. एकत्र बसून सांगू.

आज सकाळी ती उशीवरून मान उचलून म्हणाली, "आज एकादस. किर्तीकडं जावाचा हाय मना. पिशवी दे." मी म्हटलं, आई, तुला उठता येत नाही. म्हणाली, मना ठावं हाय, पिशवी तं भर. मी भरली. गोळ्या, तेल, तू दिलेली साडी. मग हात पुढे करून चिठ्ठी मागितली. या पायाने जायचं नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण पाळी तुझी आहे हेही ती विसरत नाही. तिचा हात तसाच पुढे होता, म्हणून मी लिहायला बसले.

हे लिहून झालं की कागद तिच्या बटव्यात घालणार आणि बटवा तिच्या कमरेला बांधणार. ही चिठ्ठी तुझ्या घरी पोचणार नाही. तू उत्तराची वाट बघत बसलीस तर बसशीलच. आईला आजवर दर वेळी चिठ्ठी लागली. एकदा तू चिठ्ठीशिवाय ये. कुणी विचारणार नाही, अशी अचानक कशी म्हणून.

तू हे वाचते आहेस म्हणजे आलीस, आणि आईने स्वतःच्या हाताने तुला कागद काढून दिला. आधी तिच्याजवळ बस. भांडी मोरीत आहेत.

ताई